सोललेला सेल

सेल चार्जिंगला लावायचे म्हणून काओ पेइवेनने वेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या, मशीनचं झाकण उघडलं आणि तो दचकून मागे सरला. आतल्या दोन सेलपैकी एकाचं निळं वेष्टण कडेने सुटून आलं होतं आणि खालचा चकचकीत पत्रा उघडा पडला होता. नेमका त्याच सकाळी इमारतीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. एक धडधाकट माणूस दुकानात उभा असतो आणि बघता बघता त्याच्या विजारीचा खिसा पेट घेतो. काओने तो सात वेळा पाहिला होता.

"काय झालं?" शेजारी शेंगा सोलत बसलेल्या बायकोने, शियाओफेनने, विचारलं.

"हलू नकोस! सेल सोललाय."

"आण इकडे, बघू. मी कारखान्यात बावीस वर्षं..."

"कारखाना वेगळा आणि हे वेगळं! हे सुरक्षेचं काम आहे, तू मध्ये पडू नकोस."

सुरक्षा हा काओचा प्रांत. शेनझेनमधल्या लिफ्ट तपासण्यात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. हजारो लिफ्टवर त्याने 'सुरक्षित' असा शिक्का मारला आणि स्वतः मात्र नवव्या मजल्यावरच्या घरी रोज जिन्याने चढला. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो दाखवला, तेव्हा शियाओफेनने एवढंच सांगितलं होतं, "परत सिगारेट पेटवलीस तर बिछाना बाल्कनीत." म्हणून त्याने वेप धरला. तो तिने चालवून घेतला होता. निदान काओची तशी समजूत होती. आता सिगारेट ओढावी तर बायको जीव घेणार आणि वेप ओढावा तर सेल. इकडे आड, तिकडे विहीर.

सोललेला सेल आणि त्याचा जोडीदार त्याने लाकडी चिमट्याने उचलले, बायकोच्या सूपच्या मातीच्या भांड्यात ठेवले आणि वर इमारतीच्या आगीच्या बादलीतली वाळू ओतली.

"आता कमळकाकडीचं सूप कशात करू? तुझ्या टाळक्यात?" शियाओफेन म्हणाली. पण काओ स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून बाहेर पडला होता.

बाजारात नी आडनावाच्या मावशीच्या गाळ्यावर सेलच्या राशी होत्या.

"कुठले देऊ, काका? असली, खरे असली, की एकदम असली?"

"फरक काय?" काओने विचारलं.

"असलीला खोकं असतं. खऱ्या असलीला खोकं आणि पावती असते. एकदम असलीला खोकं नाही, पावती नाही, पण माझा दीर त्याच कारखान्यात आहे."

काओने एक लालभडक सेल उचलला. "याच्यावर तर विजेचा साठा नऊ हजार नऊशे लिहिलाय!"

"लिहायला काय जातंय? मी माझं वय पस्तीस लिहिते. एवढ्याशा नळीत इतकी वीज मावतच नाही. तीन हजारवाले घ्या. आणि साठा बघता तसा दमही बघा. तुमचं मशीन एका दमात खूप वीज ओढतं. वीस अँपियर झेपणारेच घ्या, नाहीतर तापतील."

'तापतील' हा शब्द ऐकून काओने काटा बाहेर काढला. खोट्या सेलच्या पोटात पीठ भरतात, असं त्याने वाचलं होतं. पहिला भरला एकतीस ग्रॅम.

"तो बाजूला ठेवा, तो नुसता असली आहे," मावशी न लाजता म्हणाली. आतल्या खणातून तिने दोन काढले. दोन्ही सेहेचाळीस भरले.

"हे जोडीने राहायचे हं. एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे. एकाला काढून दुसरीकडे लावलंत तर जोडी बिघडते. आणि किल्ल्यांच्या खिशात टाकू नका, पेट घेतील." तिने ते प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिले.

काओ ती डबी दोन्ही हातांत धरून मेट्रोपर्यंत आला. दारात तपासणीची मुलगी उभी होती.

"पिशवी पट्ट्यावर ठेवा, काका."

"ठेवतो, पण जरा जपून हं. स्फोटबीट व्हायचा."

मागची रांग एकदम चार पावलं मागे सरली.

"काय व्हायचा म्हणालात?" मुलीने शिट्टी तोंडात धरली. दोन रखवालदार ढाली घेऊन धावले. तिसऱ्याने काओला लांब दांड्याच्या दुबेळक्यात अडकवून भिंतीशी उभं केलं आणि डबी एका जाडजूड लोखंडी पिंपात गेली. तासाभराने साहेब आले, त्यांनी डबी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"सेल आहेत. चांगले आहेत. घेऊन जा आणि पुन्हा हा शब्द इथे काढू नका."

"नाही काढणार," काओ घाम पुसत म्हणाला, "पण साहेब, हे पिंप कुठे मिळतं हो? घरी लागणार आहे."

साहेबांनी पिंप कुठे मिळतं ते सांगितलं नाही. शेवटी सेल बाल्कनीतल्या फरशीवर चार्जिंगला लागले. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट आणि पुढ्यात कढईचं झाकण धरून काओ तीन तास समोर बसला. सेल जराही तापले नाहीत. त्यामुळे तो जास्तच घाबरला. न तापणारा सेल आतल्या आत काय शिजवत असेल, कुणी सांगावं? दुसऱ्या दिवशी त्याने ते पुन्हा तोलले. तिसऱ्या दिवशी वेष्टण भिंगातून पाहिलं. मशीनमध्ये घालायचं धाडस मात्र होईना.

असं करता करता एका दुपारी शियाओफेन सूपची वाटी घेऊन बाल्कनीत आली. भांडं तिने कधीच घासून घेतलं होतं आणि जुने सेल जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकून आली होती.

"म्हाताऱ्या, शेवटचा धूर कधी काढलास?"

काओने बोटं मोजली. अकरा दिवस. भीतीच्या भरात तल्लफ यायचीच राहून गेली होती! त्याचा स्वतःवर विश्वास बसेना.

"मग या सेलचं काय करू?"

"दे. चौकातल्या आमच्या नाचाच्या स्पीकरला दोनच लागतात." तिने दोन्ही सेल तळव्यावर झेलले. "सेहेचाळीस ग्रॅम. बरे आणलेस."

"काट्याशिवाय कसं कळलं?"

"तेच तर सांगत होते. बावीस वर्षं सेलवर वेष्टणं चढवली मी. दिवसाला चार हजार. ज्याला चढवता येतं त्याला उतरवताही येतं."

काओच्या हातातलं झाकण खणखणत खाली पडलं. "म्हणजे तो सेल..."

"नखाने सोलला. लाकडी पाटावर ठेवून. मग तू झाकण उघडेपर्यंत शेजारीच बसून होते ना शेंगा सोलत! आणि व्हिडिओही मीच शेजारणीला टाकायला लावला ग्रुपवर. सूप पी, गार होतंय."

काओने वाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि वाटी एका दमात संपवली. त्या संध्याकाळी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच तो लिफ्टने खाली गेला. खरं भ्यायचं कुणाला, ते आता त्याला कळलं होतं.