कादरचाचांची गल्ली

कादरचाचा बोट कधीही सरळ रेषेत चालवत नसत. पैठणच्या जलाशयावर चहूकडे मोकळे पाणी असताना ते अचानक काटकोनात वळत, भोंगा वाजवत आणि जरा पुढे जाऊन पुन्हा वळत.

"चाचा, समोर काहीच नाही," पहिल्या दिवशी मी म्हणाले.

"शिंप्याचं घर हाय, मॅडम. घरावरून जायला कावळे हाव का आपण?"

शिंप्याचे घर धरण झाले तेव्हाच बुडाले होते. त्याच्यासोबत चाचांचे सगळे गाव. उन्हाळ्यात पाणी उतरले की पडलेल्या घरांचे ओटे दिसत, आणि चाचा त्यांची दरवर्षी उजळणी करीत.

मी छत्रपती संभाजीनगरहून आले होते, भौतिकशास्त्राची पदवी आणि पहिलेच स्वतंत्र काम घेऊन. शहराच्या नव्या जलवाहिनीबरोबर शासनाने जलाशयावरील प्रवासी बोटीसाठीही निधी मंजूर केला होता. खोली मोजून मार्ग मला आखायचा होता. दोन काठांवर दोन धक्के, मध्ये एक रेषा: माझ्या मते प्रश्न तीन दिवसांचा होता. चाचांमुळे आठवडा झाला.

आठव्या दिवशी मी निक्षून सांगितले, "आज सरळच जायचे."

"तुमची मर्जी. भोंगा तरी वाजवू द्या."

खोली मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे भराभर घसरले आणि बोटीचा तळ खरवडला. मी फळीला घट्ट धरले.

"ओटा लागला," चाचा शांतपणे म्हणाले. "शिंपी त्याच्यावर कुणाला टेकू द्यायचा नाय. आजबी देत नाय."

मग मी बुडालेल्या घरांमधली त्यांची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. खोली सर्वत्र पुरेशी होती. निष्कर्ष मला मुळीच आवडला नाही. तरी मी माझी रेषा पुसून त्यांची वळणे काढली.

चाचा नकाशावर वाकले. "आता एक थांबा टाका. ह्या शिंप्याच्या कोपऱ्यावर."

"भर पाण्यात? चढणार कोण?"

"कुणी नाय." त्यांनी नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. "आमच्या गावाला एसटी कधी आलीच नाय. सडक मंजूर झाली, तवर धरणबी मंजूर झालं. अम्मी म्हणायची, गाडी आली की पाचोडच्या बाजाराला बसून जाईन. चालतच गेली बिचारी, शेवटपर्यंत. एक मिनट थांबली बोट, तरी लई झालं."

प्रवाशांशिवाय थांबा मंजूर होत नाही, हे मला ठाऊक होते. मी सुरक्षेच्या सूचनांचा रकाना उघडला आणि लिहिले: 'अरुंद वळण. बोटीने येथे एक मिनिट पूर्ण थांबून भोंगा वाजवावा.' ओट्याच्या मोजणीचे आकडे पुराव्यादाखल जोडले. आता कोणीही ती ओळ खोडून दाखवावी.

परतताना त्या कोपऱ्यावर चाचांनी इंजिन बंद केले. भोंगा दिला. मग समोरच्या फळीवरची माझी पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचे पाणी रुमालाने पुसले.