पहिल्या गिअरमधली मिरवणूक

शनिवारी दुपारी हर्बर्ट थ्वेटनं आपल्या मोटरसायकलची मागची चेन बोटानं उचलून पाहिली. ती वाळत घातलेल्या दोरीसारखी झुलली. एरवी त्यानं तिला आठवडाभर झुलू दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी थॉर्नबेकच्या जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्यांच्या मंडळाची वार्षिक फेरी होती आणि तिच्या अग्रभागी, आयुष्यात पहिल्यांदाच, हर्बर्ट असणार होता. आजवर तो मान शेजारच्या सिरिल ऑटलीकडे असायचा. यंदा चिटणीस डग्लसनं टोपीतून चिठ्ठी काढली आणि निघालं हर्बर्टचं नाव. तेव्हापासून हर्बर्टला धड झोप नव्हती.

मंडळाचा नियम सोपा होता. पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही. पण पुढचा वाटेत थांबला, तर मान मागच्याकडे. आणि मागं असणार होता सिरिल.

हर्बर्ट शेडमध्ये पाना घेऊन बसला, तेवढ्यात सिरिल कुंपणावरून डोकावला. "काय चाललंय?"

"काही नाही. चेन ओढतोय जराशी."

"ओढ, ओढ," सिरिल म्हणाला आणि आत येऊन उभा राहिला. हर्बर्टच्या बायकोनं, विनीनं, त्याच्या हातात चहा दिला.

आता या यंत्राला दोन चेनी. पुढची इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत, मागची गिअरपेटीपासून चाकापर्यंत. आधी पुढची ओढायची, मग मागची, हे थॉर्नबेकमधल्या मांजरांनाही ठाऊक. पण उत्साहाच्या भरात हर्बर्टनं मागचीपासूनच सुरुवात केली. सिरिलला ते दिसलं. मात्र दुसऱ्याच्या शेडमध्ये न विचारता बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला बटाटा उचलणं, असं थॉर्नबेकच्या यॉर्कशर परगण्यात मानतात. आणि आपण होऊन दुसऱ्याला सल्ला विचारणं म्हणजे त्याहून वाईट. सिरिलनं चहाचा घोट घेतला.

हर्बर्टनं मागचं चाक सरकवलं. चेन ताणली, पण ब्रेकचा गजही ताणला गेला आणि चाक जाम झालं. त्यानं गज सैल केला. मग पुढच्या चेनीला हात लावला, तर ती झुलत होती. तिच्यासाठी गिअरपेटी मागं सरकवली, तर मागची चेन पुन्हा लोंबायला लागली. मग पुन्हा चाक, पुन्हा गज.

"छान हवा आहे," सिरिल म्हणाला.

"उद्याही राहील म्हणतात," घाम पुसत हर्बर्ट म्हणाला.

अखेर दोन्ही चेनी हव्या तशा बसल्या. हर्बर्टनं गाडी सुरू करून अंगणात पहिल्या गिअरमध्ये एक ऐटबाज चक्कर मारली. दुसऱ्या गिअरला पुरेल एवढं अंगण त्याच्याकडे नव्हतं. सिरिल कप ठेवून, आभार मानून घरी गेला. जाताना तो शीळ घालत होता, याकडे फक्त विनीचं लक्ष गेलं.

रविवारी चर्चसमोर गर्दी लोटली. डग्लसनं निशाण हलवलं, चाळीसेक इंजिनं खोकली, आणि हर्बर्ट, मागच्या गादीवर विनीला घेऊन, निघाला. छाती इतकी फुगली होती, की कोटाची गुंडी कुरकुरत होती. पुलापाशी त्यानं टाकीशेजारचा दांडा दुसऱ्या गिअरकडे ढकलला. दांडा खाचेच्या टोकाला टेकून थांबला. गिअरपेटी मागं सरकली होती, पण तिला दांड्याशी जोडणारी सळई काल होती तेवढीच राहिली होती.

"काय झालं?" विनीनं विचारलं.

"दुसरा पडत नाहीये."

"मग थांब की."

"थांबलो तर सिरिल पुढं जाईल."

विनीला ते पटलं. फेरी पहिल्या गिअरमध्ये माळावर चढू लागली. टोपलीत कोबी घेतलेली एक सायकलवाली बाई त्यांना ओलांडून गेली आणि जाताना तिनं शिष्टाचारानं मान लववली. मागून एकाही माणसानं हॉर्न वाजवला नाही.

"राजा, सिरिलकडनं धूर येतोय," मागं वळून पाहत विनी म्हणाली.

"इंजिनातनं?"

"इंजिनातनंही."

फेरीचं जेवण माळावरच्या पबमध्ये होतं; तिथं पोचेपर्यंत भाजलेलं मटण सुकलं होतं. आता मंडळ मान काढून घेणार, असं समजून हर्बर्ट कोपऱ्यात बसला. तेवढ्यात डग्लस ग्लास वाजवत उठला.

"मंडळी, दरवर्षी आपण इथं बसतो आणि निम्मे लोक अजून रस्त्याकडेच्या खड्ड्यात असतात. आज पहिल्यांदा सगळे एकत्र आले. वेगाचा मोह आवरणारा पुढारी आपल्याला मिळालाय. हर्बर्ट असाच चालवणार असेल, तर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या कशाला टाकायच्या?"

सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या सिरिलच्या बायकोनं, मॉरीननं. "मी या माळावर इतकी वर्षं येतेय," ती म्हणाली, "इथं मेंढ्या आहेत हे आज कळलं."

जेवण झाल्यावर हर्बर्ट सिरिलला अंगणात गाठून हळूच म्हणाला, "त्या सळईचं तुला काल दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

हर्बर्टनं आजूबाजूला पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला उपाय विचारला. सिरिल लगेच गुडघ्यावर बसला. त्यानं सळईचा नट फिरवला, दांडा पुढं-मागं करून पाहिला. "घे. दुसराही बसला, तिसराही. आता पळव तिला."

सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले. उतार समोर होता, वाराही पाठीशी होता. हर्बर्टचा हात आनंदानं दांड्याकडे गेला. तेवढ्यात विनी त्याच्या कानाशी वाकली.

"डग्लस बघतोय हं."

हर्बर्टनं हात काढून घेतला.

घरी पोचेपर्यंत अंधारायला आलं. वाटेत सिरिलच्या मागच्या गादीवरून मॉरीननं सगळ्या मेंढ्यांना हात केला. तिच्या पुढं, तापलेल्या इंजिनावर बसून, सिरिल मुकाट्यानं गाडी हाकत होता. पुढच्या गाडीत तिसरा गिअर उत्तम बसतो, हे साऱ्या रांगेत त्याच्याइतकं खात्रीनं कुणालाच माहीत नव्हतं.