नवागताची खुर्ची

एकत्र जेवल्याने माणसे जवळ येतात, हे सर्वमान्य आहे. मात्र हे जवळ येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले तर केवढा गोंधळ माजेल, याचा विचार जगात फारसा झालेला नाही. मेरिंगाल या आमच्या लहानशा गावातल्या चर्चने तो केला आणि स्नेहभोजन स्वागत उपसमिती नेमली. मी तिचा चिटणीस. (मानद. एकोणीस वर्षे.)

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चमागच्या हॉलमध्ये जेवण असते. भोपळ्याचे सूप, अंड्याची सँडविचेस, ट्युना घातलेला पास्ता (तीन घरांतून येतो, तिन्ही घरांचा सारखाच कोरडा) आणि शेवटी पाव्हलोव्हा, म्हणजे साय आणि फळे घातलेला अंड्याच्या पांढऱ्याचा गोड केक. माणसे चाळीस. पैकी अकरा उपसमितीत. म्हणजे स्वागत करणाऱ्यांची वानवा नाही; स्वागत कोणाचे करायचे एवढाच प्रश्न उरतो. गावात नवीन माणूस येतो कुठे? बँक गेली, दवाखाना गेला, रेल्वे तर माझ्या लहानपणीच गेली. अशा बिकट काळात क्लॅरी व्हेलन आमच्या हाती लागले.

क्लॅरी म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांचे आचारी. तीस वर्षे चाळीस-चाळीस दांडग्यांना तिन्ही त्रिकाळ जेवू घालून ते निवृत्त झाले, गावाच्या कडेला घर घेतले, आणि वर्षाच्या आत त्यांची बायको नोरीन वारली. "तेव्हापासून रेडिओ लावून जेवतो हो," असे त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितले, "समोर कोणीतरी बोलायला पाहिजे ना." मी ते ताबडतोब नवागत-पत्रकातील 'इतर माहिती' या रकान्यात नोंदवले.

नियम ४ असा की, नवागत हा पाहुणा असल्याने त्याने काडीचेही काम करू नये. खिडकीजवळच्या उशीच्या खुर्चीवर बसावे. नियम ५ असा की, दुसरा नवागत येईपर्यंत पहिला हाच नवागत समजण्यात यावा. दोन्ही नियम निव्वळ प्रेमापोटी केलेले आहेत. दुसरा काही आला नाही, त्याला समिती काय करणार? क्लॅरी सात वर्षे नवे राहिले. चौऱ्याऐंशी जेवणे, दर जेवणाला अकरा स्वागते, एकूण नऊशे चोवीस. शहरातल्या मोठमोठ्या चर्चमध्येही एका माणसाचे इतके स्वागत झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यावर माणसाने भारावून जावे की नाही? क्लॅरींनी अर्ज केला. 'मला भांडी पुसायला मिळतील का?' एकदा नव्हे, तीनदा.

आता, भांडी पुसणे ही काही साधी गोष्ट नाही. आमचे स्वयंपाकघर मेव्हिस प्रिंगल यांच्या ताब्यात. तिथे कोणाचे स्वागत वगैरे होत नाही, तिथे बोलणी बसतात. मेव्हिसनी फडके हातात दिले की माणूस आतला झाला, मग मरेपर्यंत सुटका नाही. वाढायच्या खिडकीतून दरवेळी आरडाओरडा आणि त्यापाठोपाठ हशा ऐकू येतो. (समितीने या हशाची दखल घेतलेली नाही.) क्लॅरी आत गेले तर आम्ही अकरा जणांनी करायचे काय? सबब अर्ज सप्रेम फेटाळण्यात आला आणि त्यांना आणखी एक उशी मंजूर झाली.

पंच्याऐंशीव्या जेवणाच्या दिवशी मेव्हिस प्लास्टरमध्ये मनगट घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही मदतनीस तापाने झोपलेल्या. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी आम्ही तातडीची बैठक घेतली. परिस्थितीचा अभ्यास करण्यासाठी तिघांचे पथक नेमावे, असा ठराव मी मांडत होतो, तेवढ्यात सूप लागल्याचा वास आला. क्लॅरी उठले.

"अहो, बसा हो तुम्ही," मी आडवा आलो. "तुम्ही नवे."

"सात वर्षं नवा आहे मी, चिटणीससाहेब. माझे बूटसुद्धा एवढे टिकले नाहीत. सरका."

मी सरकलो. (ठरावाशिवाय.)

आतून मेव्हिसचा आवाज आला. "बघत काय उभा राहिलायस, मेल्या? उतरव ते पातेलं! आणि तळाला डाव घालू नकोस, सगळं करपट होईल!"

"बाई, तीस वर्षं लोकांची करपलेली पातेली निस्तरलीत मी. तू गप बस जरा."

"गप बस म्हणे! माझ्याच स्वयंपाकघरात!" आणि ओले फडके थेट क्लॅरींच्या तोंडावर येऊन आदळले. "ताटं पूस आधी. नीट पूस. ताटाला मागची बाजूही असते!"

क्लॅरींनी फडके तोंडावरून काढले आणि ताटाआधी डोळे पुसले. (वाफेमुळे, असे इतिवृत्तात नोंदवले आहे.)

त्या दिवशी ते उशीशिवाय, उभ्याने, पातेल्यातले उरलेसुरले जेवले. मेव्हिस शेवटपर्यंत त्यांना बोलत होत्या आणि ते हसत होते. खरे सांगतो, माझ्या पोटात दुखले. एकोणीस वर्षांत मला त्या स्वयंपाकघरातून कोणी 'मेल्या' म्हटलेले नाही. मी वाढायच्या खिडकीत डोके घालून हळूच विचारलेही, "मी पुसू का थोडी?"

"अहो, तुम्ही कशाला?" मेव्हिस अदबीने म्हणाल्या. "तुम्ही समितीतले."

तेव्हापासून खुर्ची रिकामी आहे. अकरा माणसे हात पुढे करून तिच्याभोवती उभी राहतात, हे दृश्य बरे दिसत नाही. म्हणून उपसमितीने योग्य उमेदवाराचा कसून शोध घेतला. इथे सूप करपले, एका बाईचे मनगट मोडले, ताटांचा ढीग साचला. आणि तुम्ही ही सगळी हकीकत आरामात बसून वाचलीत, जागचे हलला नाहीत. नियम ४ इतका अंगात मुरलेला दुसरा माणूस आम्हाला शोधूनही सापडला नसता. तुमची निवड एकमताने झाली आहे. उशा दोन आहेत. बसा, बसा, उठू नका.