भगवानरावांचं भेदरलेलं जपानी

स्पीडब्रेकर दिसला की भगवानराव "आबुनाई!" असं ओरडतात. बदनापूरहून जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत मी रोज त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून जातो. खड्ड्यापेक्षा मला त्या आरोळीचीच धडकी भरते. एकदा आडव्या आलेल्या म्हशीलाही ते तसंच ओरडले. म्हैस जालन्याची, ती हलली नाही.

"आबुनाई म्हंजी डेंजर," ते म्हणाले. "जपानीत."

इंग्रजी शब्द कानावर पडला की त्याचं जपानी करायचं, हा त्यांचा नाद. हेल्प म्हणजे तासुकेते. अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे क्यूक्यूशा. "हॉस्पिटलला ब्योइन, अन् ब्यूटी पार्लरला बियोइन. जीभ जराशी घसरली की पोरीला कळा सुरू, अन् लोकं नेऊन बसवतेत फेशियलला!" सगळं पॅकिंग खातं हसलं. ते मात्र घाम पुसत होते.

पोरगी म्हणजे शीतल, त्यांची एकुलती एक. नवऱ्याबरोबर जपानात असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाईमाणूस नाही, म्हणून ती तिकडेच राहिली. तेव्हापासून या माणसाने धास्ती घेतली. "ऐन टायमाला शब्द सापडला पाह्यजे, दिलीपभाऊ," हे दिवसातून दहा वेळा. शब्द सापडणार बदनापुरात आणि कळा येणार जपानात, हे बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.

गेल्या आठवड्यात शीतल सकाळपासून फोन उचलेना. जेवणाच्या सुट्टीत एकदाचा तो उचलला गेला, पण आवाज जपानी बाईचा. "शीतल? ब्योइन? क्यूक्यूशा? तासुकेते!" भगवानरावांनी एका दमात सगळी विद्या ओतली. पलीकडून उत्तर आलं आणि ते बियाण्याच्या पोत्यावर मटकन बसले.

"दाई बोलावली म्हणे! अजून दीड महिना हाय, अन् ती बाई दाई-दाई करून राह्यली!"

मी फोन कानाला लावला. तोच शब्द पुन्हा आला, तो मी माझ्या मोबाइलवर शोधला. दाइजोबू. म्हणजे सगळं ठीक आहे, काळजी करू नका.

तेवढ्यात शीतलचाच आवाज आला. "बाबा, डोळा लागला होता माझा. शेजारच्या काकूंनी उचलला फोन."

मी जिवात जीव येऊन हसलो. "भगवानराव, आग, भूकंप, रक्त, सगळं पाठ केलंत. एवढा साधा शब्द कसा राहिला?"

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

"शीतलच्या टायमाला दाई यीस्तोवर लई उशीर झाल्ता. तिची आई गेली," ते म्हणाले. "त्या दिवशी ठीक हाय म्हणणारं कुणी भेटलंच न्हाई, दिलीपभाऊ. मंग असाबी शब्द शिकून ठेवावा, हे ध्यानातच आलं न्हाई."