महारुद्रची पहिली बॅच

"माणसं आपल्या पायानं यायलीत, आपलंच वझं पाठीवर घेऊन यायलीत, आन वर तुलाच पैशे द्यायलीत! लेका, ह्याला धंदा म्हणत न्हाईत. ह्याला फसवाफसवी म्हणतेत."

जांभुळगव्हाणच्या सटवाजीचं हे पालुपद दिवाळीपासून चालू होतं. त्याचा एकुलता एक मुलगा महारुद्र पुण्याच्या एका कंपनीत गाइड होता. आठ-दहा हौशी माणसांचा गट घ्यायचा, डोंगरात न्यायचा, दमवायचा, तंबूत झोपवायचा आणि हसतमुखानं परत आणायचा, हे त्याचं काम. दिवाळीला तो घरी आला आणि म्हणाला, आता परत जाणार नाही. डोंगर सगळेच दाखवतात, मी माझं गाव दाखवणार. छोटा गट, पायी प्रवास, खरा अनुभव.

सटवाजीला हे ऐकूनच घाम फुटला. पोराला शिकवलं-सवरलं, आणि ते गावात परक्या लोकांना उन्हातान्हात चालवत नेणार! लोक तोंडावर हसतील. शेवटी बापलेकांत तह झाला. एकच बॅच. ती सुरळीत पार पडली तर महारुद्र गावात राहील. गावात तमाशा झाला, तर गुपचूप बॅग भरून पुण्याला परत. कंपनीनं त्याची जागा अजून राखून ठेवली होती. कमलबाईनं मात्र देवाला रोज एक दिवा जास्त लावायला सुरुवात केली, कारण नोकरीपायी लेकाचं तोंड तिला वर्षातून दोनदाच दिसायचं.

बॅच यायच्या दिवशी पहाटेच सटवाजी परभणीला निघाला. पाहुणे झोपायच्या पिशव्या घेऊन येणार आहेत, ते भुईवरच झोपतात, असं महारुद्रनं दहादा सांगितलं होतं.

"माज्या दारात पाव्हणा भुईवर निजणार? लोक थुकतील तोंडावर," असं म्हणून तो मंडपवाल्याकडून गाद्या आणायला गेला. गावातला छोटा हत्ती टेम्पो परभणीला दूध घेऊन निघाला होता. पुढं बसायला जागा नव्हती, म्हणून सटवाजी मागं पोत्यांवर आडवा झाला. डिसेंबरातली थंडी मी म्हणत होती. त्यानं पांढरी चादर पायापासून डोक्यापर्यंत ओढून घेतली आणि गाढ झोपला. फोन घरी कोनाड्यात चार्जिंगलाच राहिला.

इकडे महारुद्र पिंगळी स्टेशनवर पोचला. सहा पाहुणे उतरले. त्यात पुण्याची अर्पिता होती, संगणक कंपनीत काम करणारी, आणि नागेश नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते, ज्यांनी अशा दहा-बारा सहली पचवल्या होत्या. महारुद्रनं सगळ्यांना पांढरे टी-शर्ट आणि पांढऱ्या टोप्या दिल्या, सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले, स्वतःचाही बंद करून टाकला.

"आता इथून घरापर्यंत मूक चाल," तो म्हणाला. "एकामागं एक चालायचं. नजर पावलांकडं. एक शब्द बोलायचा नाही. कुणी राम राम घातला तर हात जोडायचे, मान झुकवायची आणि पुढं चालायचं. घरी गेल्यावर मी गळ्यातली ही घंटी वाजवीन, तेव्हाच तोंड उघडायचं."

डोंगरात ही युक्ती नेहमी यशस्वी व्हायची, कारण डोंगरात राम राम घालायला कुणी नसतं. परभणी जिल्ह्यात मात्र राम रामाला उत्तर न देणाऱ्या माणसाचं एक तर भांडण असतं, नाही तर त्याच्या घरी कुणी गेलेलं असतं. एवढी साधी गोष्ट महारुद्र पुण्यात राहून विसरला होता.

रस्त्याकडेच्या रानात तानुबाई कापूस वेचत होती. पांढऱ्या कपड्यातली माणसं रांगेनं, माना खाली घालून येताना पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राम राम रं रुद्रा! पाव्हणे आले म्हणं तुजे?"

महारुद्रनं हात जोडले, मान खाली घातली आणि पुढं झाला. मागच्या सहाही जणांनी तसंच केलं. अर्पिताच्या डोळ्यात नेमकी धूळ गेली होती. ती टी-शर्टच्या बाहीनं डोळे पुसत गेली.

तानुबाईच्या हातातला कापूस खाली पडला.

"अगं बाई! हे तर मातीला चाललेत!" ती शेजारणीला म्हणाली. "कोण गेलं गं त्यांच्यात?"

"सटवाजी भावजी दिसलं न्हाई सकाळपासून."

"दिसलं की! मी बघितलं की!" तानुबाईचा आवाज चिरकला. "पाटंच्या पारी छोट्या हत्तीत आडवं टाकून नेलं त्यास्नी. डोक्यावरनं पांढरी चादर! मला वाटलं दवाखान्यात नेयलेत. कसला दवाखाना आन कसलं काय!"

पुढचं काम मोबाइलनं केलं. पाहुण्यांची रांग पहिल्या ओढ्यापर्यंत पोचली नव्हती, तोवर बातमी सगळ्या गावात फिरून, गंगाखेडला सटवाजीच्या बहिणीच्या, सुलाबाईच्या घरापर्यंत गेली होती.

कमलबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. येसरची आमटी रटरटत होती, वांगी भाजून तयार होती. तेवढ्यात तानुबाई दहा-बारा बायका घेऊन आत शिरली आणि थेट तिच्या गळ्यातच पडली.

"कमळे, धीर धर गं माय!"

"कशाचा?" कमलबाई पिठाच्या हातानं म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. हिला अजून सांगितलेलं दिसत नाही. मग त्यातल्या कुणाचीही सांगायची छाती होईना. सगळ्या नुसत्याच पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या. कमलबाईनं एकेकीचं तोंड पाहिलं. कोनाड्यात नवऱ्याचा फोन सारखा वाजत होता. नवरा सकाळी गाडीत बसून गेला होता, अजून आला नव्हता.

"ह्यास्नी काई झालं का?" तिनं कसंबसं विचारलं.

तानुबाईनं हंबरडा फोडला. त्याबरोबर कमलबाईनंही फोडला. बाहेर जमलेल्या लोकांना जी थोडीफार शंका होती, ती आता संपली. घरची बाईच रडायलीय म्हणजे बातमी पक्की! आणि कमलबाईला वाटत होतं, सगळं गाव रडतंय म्हणजे बातमी पक्की. एका शहाण्या बाईनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, कारण दुःखाच्या घरी चूल पेटती ठेवत नाहीत. आमटी उतरवून कोपऱ्यात ठेवली गेली. शेजारच्या घरांमध्ये मात्र पिठाचे डबे उघडले. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनीच भाकरी न्यायची असते.

महारुद्रची रांग गल्लीत वळली. दारात शे-सव्वाशे माणसं पाहून त्याची छाती फुगली. आईनं स्वागताला अख्खं गाव गोळा केलं! दोन पावलं पुढं गेल्यावर त्याला दिसलं, की सगळ्यांच्या टोप्या हातात आहेत. आणि मग आईचा आवाज ऐकू आला.

"आई! काय झालं?" मूक चाल त्यानंच मोडली.

"रुद्रा, बाप गेला रं तुजा!"

 महारुद्र होता तिथंच, पाहुण्यांच्या पाठपिशव्यांमध्ये खाली बसला. पहाटे बाप दुधाच्या गाडीत पोत्यांवर चढत होता, तेव्हा हा मोबाइलमध्ये डोकं घालून पाहुण्यांना निरोप पाठवत होता. वर मानसुद्धा केली नव्हती. त्याला एकदम एवढं रडू आलं, की त्याच्या गळ्यातली घंटी आपोआप किणकिणायला लागली. पण ती रडण्यानं वाजतेय, की बोलायची परवानगी देतेय, हे पाहुण्यांना कळेना. ते गप्पच राहिले.

नागेशनी टोपी काढली. अर्पिता बायकांमध्ये जाऊन बसली आणि कमलबाईच्या पाठीवर हात फिरवता फिरवता स्वतःच हमसाहमशी रडायला लागली.

"हे कार्यक्रमात आहे का हो?" एका पाहुण्यानं नागेशच्या कानात विचारलं.

"असेल," नागेश डोळे पुसत कुजबुजले. "पण इतकं खरं मी कुठंच पाहिलं नाही."

तेवढ्यात गर्दी दुभंगली. सटवाजीचा धाकटा भाऊ भगवानराव अनवाणी पळत आला. दोघा भावांची शेतं लागून होती. मधल्या बांधावरून त्यांचं सहा वर्षांपूर्वी वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. सटवाजी म्हणायचा, भगवान बांध कोरतो. भगवानराव तुळशीवर हात ठेवून म्हणायचा, नाही कोरत. गावानं दोन पंचायती करून नाद सोडला होता. भगवानरावनं डोळे घट्ट मिटून भिंतीवर डोकं टेकवलं आणि गळा काढला.

"दादाऽ! मला न बोलताच गेलास रं! आता मी कुणासंगं भांडू?"

नेमका याच वेळी छोटा हत्ती गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. गाद्यांच्या ढिगावरून सटवाजी खाली उतरला. आपल्या दारात गर्दी, सगळ्यांची डोकी उघडी, घरातून रडारड.  कमळीच्या छातीत कधीमधी दुखायचं, ते त्याला आठवलं. तो गर्दीच्या मागच्या कडेला आला आणि डोकं धरून मटकन बसला.

"कवा गेली रं?" त्यानं शेजारच्या बन्सीधरला विचारलं आणि रडायला लागला.

"गेली न्हाई मामा, गेले," बन्सीधर समोर बघतच म्हणाला. "उगी ऱ्हावा. कोण कुणाला पुरलंय..." मग त्यानं मान वळवली. त्याच्या तोंडाचा आ झाला, तो मिटेचना. बोट हवेत उठलं आणि तसंच राहिलं.

पुढून भगवानरावचा आवाज येतच होता. "वैनी, मला माफ कर! बांध मीच कोरला गं! शप्पत मी खोटी घेतली!"

सगळी रडारड एका झटक्यात थांबली. मढ्याच्या घरात असं काही निघेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या शांततेत मागून सटवाजी उठून उभा राहिला.

"किती?"

"दोन हात, दादा," भगवानराव डोळे न उघडता, सवयीनं म्हणाला.

"खरं सांग!"

"साडेतीन. दरसाली थोडा थोडा..." आणि मग भगवानरावनं डोळे उघडले.

त्यानंतर जे झालं, त्याचं वर्णन गावात अजून एकसारखं कुणाला करता येत नाही. दोन म्हाताऱ्या उकिरड्यापर्यंत पळाल्या. तानुबाईनं डोळे झाकले, पण बोटांमधून पाहत राहिली. भगवानराव भिंतीला पाठ लावून "मी नव्हतो, मी नव्हतो" म्हणत होता. महारुद्र उठला, बापाला गच्च मिठी मारली आणि सोडेचना.

"आरं सोड की! काय झालंय काय?" सटवाजी ओरडत होता. "कमळे, तू जित्ती हाईस?"

कमलबाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्याचा दंड दाबून खात्री केली आणि मग त्याच दंडावर दणका हाणला.

"फोन घरी ठिवून कुटं बोंबलत फिरायलाव तुमी?" ती हुंदके देत म्हणाली. मग तिनं वळून स्वयंपाकघरात पाहिलं. "आन माजी चूल कुनी इझवली गं, बायांनो?"

घोटाळा उलगडायला अर्धा तास गेला. सुलाबाईला वाटेतच फोन करून कळवलं, तरी ती आलीच. निघालेच आहे तर येते, म्हणाली. घराघरांतून आलेल्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा, दही कुणी परत नेलं नाही. पाहुण्यांच्या पंगतीला सतरा घरांचा स्वयंपाक आला.

महारुद्र मात्र पार खचला होता. यापेक्षा मोठा तमाशा गावात व्हायचा शिल्लक नव्हता. तो पाहुण्यांपुढं हात जोडून उभा राहिला.

"माफ करा. हे असं ठरलेलं नव्हतं."

"आता बोललं तर चालेल का?" नागेशनी विचारलं. महारुद्रनं मान डोलावली. "ठरलेलं नव्हतं? म्हणजे हे सगळे खरंच रडत होते?" त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी पण खरंच रडले," अर्पिता म्हणाली. "उद्या काय आहे?"

उद्या ओढ्यावर दोर बांधून झोके घ्यायचं साहस होतं. पण महारुद्रनं तोंड उघडायच्या आत सटवाजी बोलला.

"उद्या बांध."

दुसऱ्या दिवशी दोरीनं माप घेऊन बांध जुन्या जागी हलवायला सुरुवात झाली. सहा पाहुणे कुदळी-फावडी घेऊन राबले. खुद्द भगवानराव खोऱ्यानं माती ओढत होता, आणि दर तासाला चहा आणायलाही त्यालाच जावं लागत होतं. गाव बांधावर बसून बघत होतं. कुणी हसत नव्हतं, सगळे थक्क झाले होते. पुण्याच्या लोकांच्या हाताला फोड आले, आणि त्या फोडांचे फोटो काढून ते सटवाजीचे आभार मानत होते. सटवाजीनं आयुष्यात खूप मजूर लावले होते, पण काम झाल्यावर पाया पडणारे पहिल्यांदाच पाहिले. दोन्ही भाऊ संध्याकाळी नव्या बांधावर बसले, आणि सहा वर्षांचं राहिलेलं भांडण एका बैठकीत भांडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पाहुणे गेले. जाताना प्रत्येकानं कमलबाईला मिठी मारली. महारुद्रनं आत जाऊन बॅग काढली आणि कपडे घडी करायला घेतले. तह तो तह. कमलबाई दाराशी उभी होती.

सटवाजी आत आला. त्यानं बॅगेकडं पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं.

"फुडची बॅच कवा हाय?"

महारुद्रच्या हातातला शर्ट खाली पडला. "पर आबा, तमाशा झाला की!"

"झाला तर झाला. खालच्या अंगाचा बांध राह्यलाय अजून. तिकडून बन्सीधर हाय."

"त्यानं कोरलाय? त्यानं कुठं कबूल केलंय?"

"कसा करंल? त्याला नीट रडायला टाइमच भेटला न्हाई." सटवाजीनं बॅग उचलली आणि माळ्यावर टाकून दिली. "फुडच्या बारीला मी जरा उशिराच येतो."