सासूबाईंच्या पोटातले डबे

"घर आणि आई, दोन्ही एकाच फोटोत स्वच्छ दिसतील, आणि तो फोटो मी काढीन!" असं मी भर पंगतीत जाहीर केलं. पंगत म्हणजे चारच माणसं होती. पण प्रतिज्ञा करायला तेवढी पुरतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, बायजाबाई. तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर अठ्ठ्याहत्तर साली आम्ही प्रताप नगरात स्वतःचं घर बांधलं. सासूबाईंचे थोरले भाऊ धोंडबामामा भिवापूरला. गुडघे गेल्यामुळे मोटारीत चढू न शकणारे. त्यांनी मुलाच्या, म्हणजे बळीरामच्या, तोंडी निरोप धाडला होता : "बायजाचं सोताचं घर? तिले त्या घरात डोळ्यानं पाहीन, तवा मानीन." बस्स! तेव्हापासून सासूबाईंना घास गोड लागेना. घर दिसलं पाहिजे आणि घरात त्या दिसल्या पाहिजेत. बळीराम रविवारी संध्याकाळच्या मोटारीने परत जाणार, त्याच्या हाती फोटो गेलाच पाहिजे!

आता हे काम सोपं नव्हे. स्टुडिओवाले शरच्चंद्र दोनदा येऊन हरले होते. सासूबाईंना बसायचं होतं बैठकीत, दाराच्या आत, मागे फळीवर स्टीलच्या डब्यांची रांग. आणि उघड्या दारातून दिसायला हवं होतं अंगण, कडुलिंब, लोखंडी गेट. बाहेर नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, आत पडदे ओढलेला अंधार! शरच्चंद्रांच्या पहिल्या फोटोत अंगण सुरेख आलं, पण सासूबाई कोळशाच्या पोत्यासारख्या. दुसऱ्या फोटोत सासूबाई सुरेख, पण दाराबाहेर नुसतं पांढरं. जणू आम्ही घर ढगात बांधलंय!

"वहिनी, फिल्मची झेप तेवढीच," शरच्चंद्र म्हणाले. "ऊन घ्या, नाही तर सावली घ्या."

मी मात्र कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. डोळ्यांना जे दोन्ही दिसतं, ते कागदावर का येऊ नये? युक्ती मला ठाऊक होती. कॅमेरा जागचा न हलवता दोन फोटो काढायचे. एक सावकाश, आतल्या अंधारासाठी. एक झटकन, बाहेरच्या उन्हासाठी. मग एकाच कागदावर दोन्ही निगेटिव्ह छापायच्या. पहिली छापताना दाराएवढा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, दुसरी छापताना बाकीचा. कॉलेजातून कॅमेरा, तीन पायांचा स्टँड आणि छपाईचा एनलार्जर मी मागून आणला. रोलमध्ये शेवटचे दोनच फोटो उरले होते. पण शास्त्राला दोनच पुरतात!

रविवारी सकाळी सासूबाई पांढरंशुभ्र पातळ नेसून खुर्चीवर बसल्या.

"आई, आठ सेकंद हलायचं नाही. पापणीसुद्धा नाही."

"दगडासारखी बसतो, पाह्य. तू तुह्यं पाह्य."

मी बटण दाबलं आणि मनगटावरच्या घड्याळावर नजर खिळवली. एक, दोन, तीन... चौथ्याच्या सुमाराला कुठेतरी "हाड हाड!" असं ऐकू आलं. शेजारपाजारचं असेल म्हणून मी काट्यावरून नजर काढली नाही. आठ! आता वेग बदलायचा. चकतीवरचे आकडे मुंगीच्या अक्षरात. ते वाचायला मला चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की हाताच्या पलीकडचं जग म्हणजे ताक! वेग बसवला, बटण दाबलं, खट्! चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तर सासूबाई खुर्चीवर बसलेल्या. थोड्या धापा टाकत होत्या, पण उकाडा होताच.

"हललं नाही ना कोणी?"

"कोन हालते? मी त इथंच हाओ."

दुपारी न्हाणीघराची डार्करूम झाली. खिडकीला दोन घोंगड्या, वर तांबडा दिवा. नळाचं पाणी असं की अंडं उकडावं, आणि डेव्हलपरच्या रसायनाला लागतो गारवा. म्हणून रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून तिच्यावर ट्रे ठेवले. आमचे हे, आनंदराव, बाहेरून दार वाजवत होते.

"अगं, मला अंघोळ करायची आहे!"

"दार उघडलंत तर उजेड आत येईल!"

"आणि नाही उघडलं तर मी असाच राहीन!"

"राहा गा तसाच!" हा आवाज सासूबाईंचा. त्या दारावर पहाऱ्याला बसल्या होत्या. "माह्या फोटूपरीस तुही अंगोळ मोठी हाय का?"

मधेच शेजारच्या गोपिकाबाईंचाही आवाज आला. "बायजाबाई, सकाळी माही बकरी इकडं आली होती का वं? दूध देऊन नाई राहिली. कोनंतरी भेवाडलं तिले."

"मी त पाह्यली बी नाई तुमची बकरी," सासूबाई म्हणाल्या.

मी तेव्हा कागद डेव्हलपरमध्ये सोडत होते. आणि खरं सांगते, हा क्षण मी शंभरदा पाहिला असेल, तरी दर वेळी श्वास घ्यायला विसरते. कोऱ्या कागदावर आधी गेटच्या सळया उमटल्या. मग कडुलिंब, पानन् पान वेगळं! मग त्याच कागदावर, शरच्चंद्रांना दोनदा न जमलेला, आतला अंधार उजळत आला. फळी आली, डबे आले, प्रत्येक डब्याच्या पोटावर दाराच्या उजेडाची एक बारीक चमक. ऊन आणि सावली शेजारी शेजारी, भांडण न करता! माझ्या अंगावर काटा आला.

मग सासूबाई उमटल्या.

आणि मग सासूबाई पुन्हा उमटल्या!

खुर्चीवरच्या सासूबाई होत्या, पण नव्हत्याही. धुक्याच्या बनवल्यासारख्या. त्यांच्या पोटातून डब्यांची रांग आरपार दिसत होती! आणि बाहेर लख्ख उन्हात, पदर खोचलेल्या, खराटा आभाळाकडे उगारलेल्या, एक पाय हवेत असलेल्या दुसऱ्या सासूबाई. त्यांच्यापुढे एक बकरी. तोंडात खाटेवर वाळत घातलेली कुरडई.

मी फोटो घेऊन बाहेर आले. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आई, तुम्ही उठला होता का?"

त्यांनी आनंदरावांकडे पाहिलं, बळीरामकडे पाहिलं. सकाळपासून दोघांना त्या आपण कशा दगडासारख्या बसलो ते सांगत होत्या. "नाई," त्या म्हणाल्या. "जाग्यावरून हालली नाई."

मोटारीला वेळ थोडा होता. नवा रोल घरात नव्हता, रविवारी दुकान उघडं नव्हतं. निदान हा तरी सुकवू म्हणून मी फोटो अंगणातल्या दोरीला, आनंदरावांच्या बनियनशेजारी, चिमट्याने लावला. पंगतीतली प्रतिज्ञा पहिली, तर ही माझी दुसरी चूक. मधल्या भिंतीवरून गोपिकाबाईंनी मान काढली आणि किंचाळल्या,

"अवं बायजाबाई! तुमच्या पोटात डबे दिसून राहिले वं!"

पाच मिनिटांत अंगण भरलं! समोरचे चंपतराव आले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते आत्म्याविषयी वाचत असत. त्यांनी चपला काढून फोटो पाहिला. "अद्भुत!" ते पुटपुटले. "खुर्चीवर देह, अंगणात आत्मा. देह सोडून आत्मा निघाला, नेमका तो क्षण!"

"मंग आत्म्याच्या हाती खराटा काहून?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"आत्मा-बित्मा नसते!" सासूबाई कडाडल्या. "भूत नाई, आत्मा नाई. छप्पन साली दीक्षाभूमीवर सोडून आलो आम्ही ते सारं!"

"मग अंगणातली कोण?" चंपतराव.

सासूबाई दोरीवरच्या बनियनकडे पाहू लागल्या.

"अन् ही त माही बकरी!" गोपिकाबाईंचं नाक फोटोला टेकलं. "तुम्ही त म्हनल्या पाह्यली बी नाई! म्हनजे भूत असन, नाई त तुम्ही असान. दोन्हीतलं एक बोला!"

माझ्या सासूबाईंसारखी मानी बाई अशी कोंडीत सापडलेली मी पाहिली नव्हती. उठले म्हणावं, तर मुलापुढे आणि भाच्यापुढे खोट्या पडतात. नाही उठले म्हणावं, तर बावीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेलं भूत अंगणात खराटा घेऊन उभं! त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रेमिला, तू सांग यायले. शास्त्र काय म्हनते?"

शास्त्र म्हणत होतं ते सासूबाईंच्या सोयीचं नव्हतं. "फिल्म म्हणजे नळाखालची बादली," मी म्हणाले. "जेवढा वेळ उजेड पडतो, तेवढा साठतो. आठ सेकंद बसलेला माणूस पूर्ण भरतो. आई चार सेकंद बसल्या, म्हणून अर्ध्याच भरल्या. उरलेले चार सेकंद त्यांच्या जागी मागचे डबे भरले. आणि बाहेरचा फोटो डोळ्याच्या पात्याहून झटकन निघाला; त्या क्षणी जे जिथे होतं, ते तिथेच थिजलं."

चंपतराव हिरमुसले. सासूबाई फोटोजवळ गेल्या आणि आपल्याच पोटातले डबे बोटाने मोजल्यासारखे पाहत राहिल्या.

"चार सेकंद बसली ते बी यानं धरलं?"

"हो."

"अन् चार नाई बसली, ते बी?"

"तेही."

"बाप्पा!" त्या हळूच म्हणाल्या. "एवढं त माह्या सासूनं बी कदी धरलं नाई." मग त्या वळल्या आणि हनुवटी वर झाली. "हो, मीच हाय ते! माह्या अंगनात माह्या कुरडया खाऊन राहिली होती तुमची बकरी, तवा मीच धावली! मारलं नाई. नुसता खराटा दाखवला." आणि माझ्यावर उसळल्या, "अन् आठ सेकंद काहून लावते वं तू? आठ सेकंदात बकरी सारी खाट साफ करते!"

आता भिंत कोसळेपर्यंत भांडण होणार म्हणून मी डोळे मिटले. पण गोपिकाबाई अजून फोटोपाशीच होत्या.

"केसन् केस दिसून राहिला वं हिचा," त्या म्हणाल्या. आवाज पार बदललेला. "दाढीबी. प्रेमिला, नुसत्या बकरीचा एक काढून देशीन का मले?"

भांडण मिटलं, पण खरी अडचण तशीच. सासूबाई फोटो द्यायला तयार होईनात.

"दादा काय म्हनन? एक बहीन आरपार, एक बहीन येड्यावानी धावते! मानाचा फोटू मांगतला होता मी." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याले वाटन, बायजाचं घरबी असंच असन. धुक्याचं."

मला बर्फाच्या लादीवर जाऊन बसावंसं वाटलं.

"आत्या, वेळ होऊन राहिला," बळीराम म्हणाला. "दुसरा फोटू हाय का? नाई ना? मंग द्या हाच." आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला.

त्यानंतर सासूबाई घरात जेवढ्या गप्प होत्या, तेवढ्या त्या एकदा घसा बसला तेव्हाही नव्हत्या. मी सुट्टीत रिकाम्या पडलेल्या कॉलेजात दोन रंगांच्या खडूंनी उजेडाचे आलेख काढत राहिले आणि मनात म्हणत राहिले, बाई, पुन्हा पंगतीत बोलू नकोस!

पुढच्या आठवड्यात बळीराम मिरचीचं गाठोडं घेऊन आला. सासूबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"काय म्हने दादा?"

"बाबानं फोटू उन्हात नेला, मंग सावलीत नेला. लई वेळ पाह्यला. सारी आळी गोळा केली."

"हासला?"

"नाई. म्हने, मानलं. घर बायजाचंच हाय. भाड्याच्या घरात कोनी एवढ्या हक्कानं खराटा उगारत नाई!"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच कमरेला खोचला. त्या एकदम दोन इंच उंच दिसू लागल्या. माझंही ऊर भरून आलं. ऊन, सावली, दोन निगेटिव्ह, काळे पुठ्ठे, बर्फ, सगळ्याचं चीज झालं होतं! न राहवून मी विचारलं,

"आणि भाऊजी, फोटोविषयी काही म्हणाले का मामा? म्हणजे कलाकुसरीविषयी?"

"म्हनले ना, वहिनी." बळीराम जरा घुटमळला. "म्हने, फोटू काढनाऱ्याले सांगजो, कॅमेऱ्याची काच पुसत जाय म्हना. खुर्चीवर मोठा डाग पडला."