दहा गोळ्या, अकरा भोकं

आपला नेम सुधारायचाच, असं मुरलीधर केळुसकरांनी एका सोमवारी ऑफिसात स्टेपलर हातात धरून ठरवलं, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

आता तुम्ही म्हणाल, बावन्न वर्षांच्या माणसाला, जो दुबईतल्या एका एसीच्या कंपनीत अकाउंट्स बघतो आणि अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये बायको-मुलीसह सुखाने राहतो, त्याला नेमाची गरजच काय? (केराच्या डब्यात बोळा टाकण्यापुरती. आणि तोही ते उठून जाऊन टाकत.) पण आदल्या आठवड्यात कंपनीने 'टीम बिल्डिंग' म्हणून सगळ्यांना शूटिंग क्लबात नेलं होतं. शिकारीची खरी रायफल, कानांवर मोठाले बूच, समोर कागदाचं टार्गेट आणि माणशी दहा गोळ्या. मुरलीधरांनी दहाही गोळ्या अगदी मन लावून झाडल्या. कागद परत आला तो कोरा करकरीत. तो पुन्हा दुकानात विकता आला असता. आणि शेजारच्या लेनमध्ये एचआरचा वॉल्टर, वसईचा, त्यांचा जुना दोस्त, त्याच्या कागदावर दहा गोळ्यांत अकरा भोकं!

"अरे, हे कसं काय?" कुणीतरी विचारलं.

"टॅलेंट, हबीबी," वॉल्टर म्हणाला आणि ट्रॉफी घेऊन गेला.

अकरावं भोक कुणाचं, हे ऑफिसात कळायला वेळ लागला नाही. मग काय विचारता! "केळुसकर, मेल मलाच पाठवा हं, नाहीतर जायची शेजारच्याला," असं सेल्समधली कालची पोरंसुद्धा म्हणायला लागली. मुरलीधरांच्या ते फार जिव्हारी लागलं.

त्यांनी अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे जेवताना मोबाईलवर व्हिडिओ. त्यात एक पांढऱ्या दाढीचे अमेरिकन आजोबा भेटले. आजोबांचं म्हणणं असं, की दुकानातल्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात, म्हणून नेम इकडेतिकडे होतो. खरा नेमबाज वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जमवतो आणि त्या आपल्या हाताने पुन्हा भरतो. मुरलीधरांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे दोष आपल्यात नव्हताच! दोष गोळीत होता! (त्याच गोळ्यांनी वॉल्टरने दहा भोकं पाडली होती. पण त्या बाजूला त्यांनी विचार जाऊच दिला नाही.)

"वॉल्टर, मी गोळ्या घरी भरणार," ते चहाच्या मशीनपाशी हळूच म्हणाले.

वॉल्टरने कप खाली ठेवला. "मुरली, वेडा झालास? घरी भरायला ती काय पाणीपुरी आहे? इथे असलं काही करायचं नसतं रे बाबा. नोकरी खलास, व्हिसा खलास, तू खलास!"

घरी मुलीनेही तेच सांगितलं. अस्मी इथेच लहानाची मोठी झालेली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "बाबा, दॅट इज लिटरली इल्लीगल. प्लीज, टेक अप पिकलबॉल."

मग भरायचं सोडलं. पण नुसत्या रिकाम्या पुंगळ्या जवळ असायला काय हरकत आहे? त्या बघायच्या, हातात धरून विचार करायचा. शनिवारी ते एकटेच क्लबात गेले, दहा गोळ्या पुन्हा हवेत घालवल्या, आणि रेंजवरचा अर्सलान पाठमोरा झालेला बघून जमिनीवरच्या सहा पुंगळ्या खिशात टाकल्या. 'रिकामी पुंगळीसुद्धा बाहेर न्यायची नाही' अशी पाटी भिंतीवर तीन भाषांत होती. मुरलीधरांनी तिन्ही भाषांकडे पाठ केली.

घरी आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठे? पितळ पितळात लपेल, असा एक भलताच हुशार विचार त्यांना सुचला, आणि त्यांनी पुंगळ्या देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, निरांजनं आणि घंटेच्या मागे, रुमालात गुंडाळून ठेवल्या.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारी चालू होता, आणि रविवारी त्यांच्या बायकोचं, म्हणजे स्मितावहिनींचं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. "अहो, यंदा वाणाला प्लास्टिक नको," त्या गेले दोन आठवडे सांगत होत्या. "देऱ्याच्या बाजारात जाऊन पितळेचं काहीतरी छोटंसं आणा. कुणी दिलं नसेल असं." मुरलीधर दरवेळी "आणतो गं" म्हणत आणि आजोबांचा पुढचा व्हिडिओ लावत.

रविवारी दुपारी पुरुषमाणसाला घराबाहेर काढण्यात आलं. मुरलीधर मॉलच्या फूडकोर्टात निवांत बसले होते. पाचच्या सुमाराला फोन आला.

"मुरली," वॉल्टरचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "आमची सुझी आत्ताच तुझ्या घरून आली. तिच्या हातात काडतूस आहे."

"काय?"

"काडतूस! हळदकुंकू लावलेलं! त्यात उदबत्ती खोचलीय! ती म्हणते वाण आहे, आता जीझसपुढे लावणार. अरे, काय चाललंय काय तुझ्या घरात?"

मुरलीधरांच्या हातातला सामोसा तसाच राहिला. ते इतक्या जोरात घराकडे पळाले, की सिग्नलला थांबलेला डिलिव्हरीवाला बाईकवरून "यल्ला, अंकल!" म्हणून ओरडला.

घरात स्मितावहिनी हसतमुखाने तबक आवरत होत्या. "आलात? किती छान हो! मला वाटलं विसरलात. निरांजन काढायला गेले तर मागे रुमालात! सरप्राईज द्यायचं होतं ना? सहाच होती, म्हणून जवळच्या सहाजणींना दिली. चिंच-मीठ लावून अशी लख्ख घासली म्हणता! पण दुकानदाराने जरा फसवलं हं, आतून फटाक्याचा वास येत होता."

"स्मिता," मुरलीधर खुर्चीवर बसले, "ती काडतुसं आहेत."

वहिनींना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. मग जे काही झालं ते इथे लिहीत नाही, कारण त्यात सासरच्या तीन पिढ्या येतात.

"सुझीचं वॉल्टरकडे आहे. बाकीच्या कोण?" मुरलीधरांनी कसंबसं विचारलं.

"चौघी याच बिल्डिंगमधल्या. आणि सहावी..." वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! कुंदाताई!"

कुंदाताई म्हणजे वहिनींची मावसबहीण, वयाने मोठी, राहायला अबुधाबीकडे मोहम्मद बिन झायद सिटीत. भाचीच्या बाळाच्या बारशाला मुंबईला निघाली होती. बॅगा घेऊनच हळदीकुंकवाला आली आणि इथूनच टॅक्सीने विमानतळावर गेली. पर्समध्ये काडतूस घेऊन. तिला कल्पनाही नव्हती.

मुरलीधरांच्या डोळ्यांपुढे ते स्कॅनिंगचं मशीन आलं, त्यातून सरकणारी पर्स आली, आणि बाजूला बसवून ठेवलेली, आयुष्यात कधी सिग्नल न मोडलेली कुंदाताई आली. नेमाचं काय घेऊन बसलात, आपल्या हौसेपायी त्या बिचारीचं बारसं बुडणार, आणि नशीब फुटकं असलं तर आणखी बरंच काही.

"फोन लाव!"

"लागणार नाही. ती घरातून निघतानाच फोन फ्लाइट मोडवर टाकते. विमानात बसायचंय म्हणते."

अस्मीने तेवढ्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेजसुद्धा टाकला होता: 'डिअर आंटीज, प्रॉडक्ट रिकॉल. पॉलिश नॉट सेफ. प्लीज रिटर्न, गेट स्टील बाऊल.' मुलगी इंग्रजी बोलत असली तरी आपलीच आहे, हे मुरलीधरांना त्या दिवशी पटलं.

गाडी शेख झायद रोडला लागली आणि वहिनी म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. मी वाण परत मागणार नाही. सवाष्णीच्या हातात दिलेलं वाण परत घेतात का कुणी? तुम्ही मागा."

"मी? मी काय सांगू?"

"काहीही सांगा. आणि तिथे तो शब्द उच्चारू नका. विमानतळावर 'काडतूस' म्हणालात तर मशीनची गरजच पडणार नाही."

पार्किंगपासून दोघं धावत सुटले. वहिनी हळदीकुंकवाच्याच पैठणीत, मुरलीधर घामाने निथळत. आणि देवाची कृपा! कुंदाताई चेक-इनच्या रांगेत, पुढे एकच कुटुंब, आपली बॅग पायाने इंच इंच सरकवत उभी होती.

"कुंदाताई!"

"अगं, तुम्ही? काय झालं? कुणाला बरं नाही का?"

मुरलीधरांनी इकडेतिकडे बघितलं. "ताई, ते... वाण."

"काय वाण?"

"ते... नळकांडं. उदबत्तीचं. ते जरा परत हवं होतं."

कुंदाताईचे डोळे मोठे झाले. "परत? संक्रांतीचं वाण परत? स्मिता, हे काय बोलताहेत हे?"

स्मितावहिनी विमानांच्या वेळांचा बोर्ड वाचू लागल्या.

"म्हणजे त्यात दोष आहे," मुरलीधर म्हणाले. "पितळेत. विमानाला तो दोष चालत नाही. ताई, मी पाया पडतो, पर्स उघडा आधी!" आणि ते खरोखरच भर रांगेत वाकले.

कुंदाताई एकदम गोरीमोरी झाली. तिने पर्स घट्ट धरली, मग सोडली, मग खाली बघत म्हणाली, "स्मिता, रागावणार नाहीस ना?"

"का गं?"

"ते माझ्याकडे नाहीच. अगं, तेवीस किलोच्या वर गेलेलं माझं सामान. आणि माझं हळदीकुंकू यंदा व्हायचं नाही, म्हणून निघताना मी तुझी ओटी भरली ना? ब्लाउजपीस, हलवा... आणि माझं वाण आणायचं राहूनच गेलं होतं. मग म्हटलं, छान वस्तू आहे... कागदात गुंडाळलेली पुडी दिली बघ तुला. त्यात तेच आहे."

म्हणजे स्मितावहिनींचं वाण स्मितावहिनींच्याच ओटीत, घरी, देवघरासमोर! मुरलीधर कुणाच्या तरी सामानाच्या ट्रॉलीवर मटकन बसले. इतकं बरं त्यांना लग्न ठरलं तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. "ताई, तुमचे उपकार," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "दरवर्षी असंच करत जा. कुणाचंही वाण ठेवू नका."

"म्हणजे तू माझं वाण मलाच..." वहिनींनी सुरुवात केली, पण मुरलीधरांनी त्यांचा दंड धरला. कुंदाताई आनंदाने मुंबईला गेली. बारसं छान झालं. बाळाचं नाव केया ठेवलं.

घरी आले तर पुडी होती. दाराशी बिल्डिंगमधल्या चौघींनी चार पुंगळ्या आणून ठेवल्या होत्या आणि वाट्या नेल्या होत्या. (एकीने दोन नेल्या.) वॉल्टरही आला आणि सहावी दोन बोटांत धरून देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून मुरलीधर बायकोला घेऊन क्लबात हजर झाले. एकटं जायची छाती नव्हती. अर्सलानसमोर रुमाल उघडला आणि मान खाली घातली.

अर्सलानने पुंगळ्या एकेक करून मोजल्या. मग त्याने इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. "भाईसाहब! परसों से फर्श पर टॉर्च मार रहा हूँ! आज शाम तक गिनती पूरी न होती तो मेरी छुट्टी थी!" तो रागावला, बराच रागावला, मुरलीधरांना ती पाटी मोठ्याने वाचायला लावली, तिन्ही भाषांत. (अरबीच्या वेळी त्यांनी नुसते ओठ हलवले.) आणि मग त्याने एक पुंगळी उजेडात धरली. "लेकिन ये चमकाया किसने?"

"मैंने। इमली और नमक," वहिनी म्हणाल्या.

"माशाल्लाह! बाजी, आज एक गोली हमारी तरफ से। साहब, आप भी आइए। मगर अपने काग़ज़ पर।"

वहिनी पैठणीऐवजी आज ड्रेसमध्ये होत्या, म्हणून तयार झाल्या. त्या एका लेनमध्ये, मुरलीधर शेजारच्या. मुरलीधरांनी श्वास रोखला, आजोबांना स्मरून चाप ओढला. धाड! कागद आले. मुरलीधरांचा कोरा. वहिनींच्या कागदावर अगदी मधोमध, काळ्या ठिपक्यात, एक सुंदर गोल भोक.

"बाजी! सीधा बीच में!" अर्सलान ओरडला. मग तो वहिनींची रायफल ठेवायला गेला आणि थबकला. आतली गोळी आतच होती. त्याने मुरलीधरांकडे बघितलं. मुरलीधरांनी हळूच मान हलवली: नको, बोलू नकोस. अर्सलानने गोळी मुकाट्याने डब्यात टाकली.

तो कागद आता केळुसकरांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, खाली 'सौ. स्मिता'. येणारा प्रत्येक पाहुणा वाहवा करतो. अल बर्शापासून शारजापर्यंत बायका त्यांना शूटिंगबद्दल विचारतात. मुरलीधर चहा आणून देतात आणि गप्प बसतात. आपण बायकोसाठी केवढा त्याग केला, या विचाराने त्यांना आतून फार बरं वाटायचं. पण मनात किती दिवस ठेवणार? परवा पाहुणे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "स्मिता, तुला म्हणून सांगतो. त्या दिवशी ती गोळी..."

"तुमची होती," वहिनी कप गोळा करत म्हणाल्या. "मी चाप ओढलाच नव्हता. भीती वाटली मला."

"तुला माहीत होतं? मग फ्रेमखाली माझं नाव का नाही घातलंस?"

"घालणार होते हो," वहिनी म्हणाल्या. "पण मग लोकांना तो कागदही वॉल्टरचाच वाटला असता."